घराचा एक शब्द

नाताळची सुटी संपून शाळा पुन्हां भरली, म्हणजे आमच्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या वह्यांत एखादें लहानसें रंगीत कार्ड दृष्टीस पडूं लागतें. वर्षाच्या शेवटच्या रात्रीं उपासना आटोपल्यावर पुष्कळ मंडळ्यांत अशीं कार्डें तबकांत मांडून ठेवितात. प्रत्येकानें न पाहतां एक उचलावें, आणि त्यावर छापलेलें पवित्र शास्त्रांतील वचन हें आपलें नव्या वर्षाचें वचन मानावें, अशी ही चाल आहे. धर्माबाद हें मराठी व तेलुगु या दोन भाषांच्या शिवेवरचें गांव. दोन्हीं भाषांच्या ख्रिस्ती घरांत ही चाल सारखीच प्रिय आहे. कोणास संरक्षणाचें वचन निघतें, कोणास आरोग्याचें, कोणास भरभराटीचें. कार्ड मोठ्या हौसेनें घरीं येतें, आरशाच्या चौकटींत खोंवलें जातें, आणि येथील बाजारांत मिरचीचा हंगाम भरांत येतो न येतो तोंच त्यावर धूळ बसलेली असते.

गेल्या वर्षीं एका विद्यार्थ्याच्या घरीं मात्र कार्ड उचललें गेलें नाहीं. घरांतील आजीबाईंच्या सांगण्यावरून सर्वांनीं मिळून कौटुंबिक प्रार्थनेसाठीं एकच शब्द निवडला, आणि तो शब्द 'समेट' हा होता. पुढें जून महिन्यांत शाळा उघडली तेव्हां तो मुलगा एके दिवशीं मधल्या सुटींत आमच्याकडे आला व हळूच विचारूं लागला, "गुरुजी, घराचा शब्द वर्षाच्या मधेंच बदलतां येतो काय?" आम्हीं कारण विचारिलें. खालीं पाहत तो म्हणाला, "तो शब्द आला, कीं बाबा जेवतां जेवतां थांबतात." त्याच्या बाबांचें आणि काकांचें वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून कित्येक वर्षें बोलणें बंद होतें, हें आम्हांस मागाहून कळलें. काकांचें घर दोनच गल्ल्या पलीकडे होतें.

त्या मुलास आम्हीं त्या दिवशीं कांहींतरी सांगून वाटेस लाविलें; परंतु त्याच्या प्रश्नाचें नीट उत्तर आमच्यानें देववलें नाहीं. तें द्यावें, आणि तें देतांना आमच्या विद्यार्थ्यांच्या आई-वडिलांशींहि दोन शब्द बोलावे, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमचें मत आम्ही आरंभींच सांगून टाकितों. घरच्या प्रार्थनेस व मननास एक मार्गदर्शक शब्द असावा. परंतु तो तबकांतून निघालेला नसावा, घरानें विचार करून निवडलेला असावा. आणि तो आपणांस कांहीं देणारा असण्यापेक्षां आपणांपासून कांहीं मागणारा असावा. जो शब्द ऐकून घरांत कोणाचाहि घांस थांबत नाहीं, तो शब्द बहुधा त्या घराचा नव्हे.

एखादा शब्द अथवा एखादें वचन धरून मनन करणें ही कांहीं आजची नवी कल्पना नव्हे. स्तोत्रसंहितेंतील ११९ वें स्तोत्र पाहा. त्याचीं वचनें १७६ आहेत. हिब्रू वर्णमालेंतील बावीस अक्षरांप्रमाणें त्याचे बावीस भाग पाडलेले असून प्रत्येक भागांत आठ आठ वचनें आहेत. आणि इतक्या मोठ्या स्तोत्राचा विषय काय, तर देवाचें नियमशास्त्र हा एकच. स्तोत्रकर्ता एकच विषय हातांत घेऊन त्याला उन्हांत, सावलींत, दुःखांत, आनंदांत फिरवून फिरवून पाहतो. पांचव्या शतकाच्या आरंभीं जॉन कॅसियन नांवाच्या साधूनें मिसर देशांतील तपस्व्यांची रीत लिहून ठेविली आहे. तेहि स्तोत्रसंहितेंतील एकच लहानसें वचन घेऊन काम करतांना, चालतांना, निजतांना तें मनांत घोळवीत असत. प्रभूची माता मरीया हिनेंहि मेंढपाळांचें बोलणें अंतःकरणांत ठेवून त्याचें मनन केलें, असें लूक सांगतो. थोडें घेणें, पण घेतलेलें सोडूं नये, हा या सर्वांचा एकच धडा आहे.

आणि हें सर्व घरांत करावयाचें आहे, हें शास्त्रानेंच सांगितलें आहे. अनुवादाच्या सहाव्या अध्यायांत मोशे इस्राएल लोकांस आज्ञा करितो, कीं या गोष्टी तुमच्या हृदयांत असूं द्या, मुलाबाळांच्या मनावर बिंबवा, घरीं बसतांना व वाटेनें चालतांना, निजतांना व उठतांना त्यांविषयीं बोलत जा, आणि दाराच्या चौकटींवर त्या लिहून ठेवा. येथें मंदिराचा उल्लेख नाहीं, याजकाचा नाहीं. आहे तो घराचा, दाराचा, मुलाबाळांचा व रोजच्या बोलण्याचा.

या आज्ञेचा प्रताप केवढा, तें पाहण्यास आपणांस परदेशीं जावयास नको. आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल लोकांचा इतिहास पुरेसा आहे. हे यहूदी लोक कित्येक शतकें आपल्या जातभाईंपासून तुटून कुलाब्याकडील, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांतील, खेड्यांत तेलाचे घाणे चालवून राहिले. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस 'शनवार तेली' म्हणत. त्यांची बोली मराठी झाली, पेहराव मराठी झाला, हिब्रू भाषा ते विसरले, धर्मग्रंथ त्यांच्यापाशीं उरले नाहींत. उरले काय? शब्बाथाची विश्रांति, आठव्या दिवसाची सुंता, खाण्यापिण्याचे कांहीं नियम, कांहीं सण व उपास, आणि परमेश्वराच्या एकत्वाची ग्वाही देणारें, अनुवादाच्या त्याच सहाव्या अध्यायांतील एक छोटेंसें वाक्य. 'शमा' या नांवानें तें प्रसिद्ध आहे. 'शमा' म्हणजे 'ऐक'. जन्म, लग्न, मरण, कोणताहि प्रसंग असो, तेंच वाक्य ते म्हणत. विद्वान् नसतां, ग्रंथ नसतां, सभास्थान नसतां, घरांतून घरांत चालत आलेल्या त्या एका वाक्यानें व घरांत पाळलेल्या त्या थोड्या नियमांनीं एक सबंध समाज आपल्या देवाशीं बांधून ठेविला. पुढें इतर यहूद्यांशीं गांठ पडली, तेव्हां ग्रंथ परत मिळाले. परंतु तोंपर्यंत दीप तेवत ठेविला तो एवढ्याशा तेलानें.

दुसरें उदाहरण ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासांतील आहे, आणि आपल्या नववर्षाच्या कार्डाशीं त्याचा जवळचा संबंध आहे. जर्मनींत सॅक्सनी प्रांतीं हेर्नहूट नांवाचें लहानसें गांव आहे. स्वधर्मासाठीं देश सोडून आलेल्या मोरेव्हियन बंधूंस काउंट झिंझेंडॉर्फ यांनीं तेथें आपल्या जमिनींत आश्रय दिला. १७२८ सालच्या मे महिन्यांत एके संध्याकाळीं त्यांनीं जमलेल्या बंधूंस दुसऱ्या दिवसासाठीं एक वचन दिलें. तेव्हांपासून रोज पहांटे कोणी बंधु निघावा आणि घरोघर जाऊन त्या दिवसाचें वचन सांगावें, असा परिपाठ पडला. १७३१ पासून हीं वचनें वर्षाचीं एकत्र छापूं लागले. तो क्रम आजतागायत चालू असून आतां तीं पन्नासांहून अधिक भाषांत निघतात. त्यांनीं त्या वचनास 'लोझुंग' म्हटलें. हा शब्द फौजेंतला. आपल्याकडे त्यास 'परवलीचा शब्द' म्हणतात. रात्रीच्या काळोखांत पहारेकरी विचारतो आणि आपला माणूस तो शब्द सांगून ओळख पटवितो, तसा हा शब्द.

आतां कोणी म्हणेल, कीं हेर्नहूट येथेंहि जुन्या करारांतील वचन चिठ्ठी काढूनच ठरवितात. मग आमच्या तबकानें काय पाप केलें? शंका योग्य आहे. पण तेथील रीत पुरती पाहिली पाहिजे. एक तर चिठ्ठीनें निघालेल्या त्या वचनाच्या जोडीस नव्या करारांतील दुसरें एक वचन विचारपूर्वक निवडून लावितात. दुसरें असें, कीं तें वचन ज्याचें त्यास वेगळें नसून सर्वांस एकच असतें. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: जो बंधु पहांटे वचन घेऊन दारीं जाई, तो त्या घरचें क्षेमकुशल विचारी, कोण आजारी आहे, कोणास कसली अडचण आहे, हें पाही, आणि तें मंडळीस येऊन सांगे. वचन दारांतून आंत गेलें, कीं घराचें दुःख दारांतून बाहेर येई. आमच्या कार्डाबरोबर कोणी कोणाच्या दारीं जात नाहीं. आमचें कार्ड ज्याचें त्याच्या खिशांत राहतें. आमचा आक्षेप चिठ्ठीवर नाहीं. या एकलेपणावर आहे.

आपल्या महाराष्ट्रांत तर शब्द कसा वागवावा याचे मोठे वस्तुपाठ आहेत. आमच्याच मराठवाड्यांत, जालन्याजवळ, रेव्ह. नारायण शेषाद्रि यांनीं एकोणिसाव्या शतकांत ख्रिस्ती लोकांची एक वसाहत वसविली व तिला 'बेथेल' हें नांव दिलें. उशाला धोंडा घेऊन उघड्या माळावर निजलेल्या याकोबानें त्या जागेस दिलेलें हें नांव; त्याचा अर्थ 'देवाचें घर'. ज्यांस गांवांत धड जागा मिळत नसे अशा माणसांनीं आपल्या वस्तीस देवाचें घर म्हणावें, यांत केवढा विश्वास आणि केवढी जबाबदारी आहे! तशाच पंडिता रमाबाई. १८९७ च्या सुमारास मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां निराधार मुली व बायका आणून त्यांनीं पुणें जिल्ह्यांत केडगांव येथें त्यांस आश्रय दिला, आणि त्या स्थानास एकच शब्द दिला, 'मुक्ति'. हा शब्द त्यांनीं भिंतीवर लिहून ठेविला नाहीं, तर तो हजारों जिवांस अन्न, वस्त्र, अक्षर व उद्योग देऊन खरा केला. साध्या बाईमाणसांस कळेल अशा मराठींत संपूर्ण पवित्र शास्त्राचें भाषांतर करण्यासाठीं त्यांनीं उतारवयांत आपला जीव खर्चिला. त्या १९२२ सालीं वारल्या. भाषांतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. एक शब्द मनापासून घेतला तर तो केवढें काम करून घेतो, याचें याहून मोठें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

हें सर्व पाहिलें म्हणजे दोन प्रकारच्या शब्दांतील भेद ध्यानांत येतो. एक शब्द आश्वासनाचा, दुसरा आज्ञेचा. शास्त्रांत दोन्हीं आहेत, आणि दुःखांत पडलेल्यास आश्वासनाचाच शब्द द्यावा, यांत शंका नाहीं. परंतु तबकांत बहुधा आश्वासनेंच असतात. 'तुझें रक्षण होईल' असें कार्ड पुष्कळांनीं उचललें असेल. 'आधीं भावाशीं समेट कर' असें कार्ड कोणी छापीत नाहीं, आणि छापलें तर कोणी घेणार नाहीं. वर्षामागून वर्ष आपण केवळ देण्याचेंच वचन घेत गेलों, तर मुलांस असें वाटूं लागतें, कीं देव म्हणजे एक मोठा सावकार, आणि प्रार्थना म्हणजे त्याच्याकडील येणें वसूल करण्याची युक्ति. मग परीक्षेंत अपयश आलें, कीं मूल म्हणतें, वचन खोटें निघालें. वचन खोटें नसतें. आपणच त्याचा ताईत केलेला असतो.

याहून नवा एक प्रकार आतां घरोघर दिसतो. सकाळीं मोबाइल उघडावा, तों दहा ठिकाणांहून दहा वचनें येऊन पडलेलीं असतात. सूर्योदयाच्या चित्रावर छापलेलें एखादें वचन आपण क्षणभर पाहतों, हात जोडल्याचें चिन्ह उमटवितों, आणि तेंच पुढें दहा जणांस धाडितों. धाडणाराचा हेतु चांगला असतो, हें आम्ही जाणतों. तथापि तें वचन आपल्या घरीं बसलें नाहीं. नुसतें दारावरून गेलें. दहा पाहुणे दारावरून गेले म्हणून घरांत पंगत झाली, असें कोणी म्हणत नाहीं.

या सूचनेवर दोन आक्षेप येतील, त्यांचा विचार करूं. पहिला असा, कीं एकच शब्द धरला, तर बाकीचें शास्त्र वाचावयाचें राहील. हा धोका खरा आहे. म्हणून शब्द ही दाराची कडी समजावी. कडी म्हणजे घर नव्हे. 'समेट' हा शब्द निवडला, तर याकोब व एसाव यांची भेट वाचावी, योसेफ व त्याचे भाऊ यांची कथा वाचावी, उधळ्या पुत्राचा दृष्टांत वाचावा, आणि पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा पांचवा अध्याय वाचावा. एक शब्द घेऊन निघालेलें घर वर्षअखेर शास्त्राच्या किती तरी खोल्यांतून फिरून आलेलें असेल. जें घर कडीच वाजवीत दाराबाहेर उभें राहील, त्याची गोष्ट निराळी.

दुसरा आक्षेप प्रभूच्याच शब्दांचा आधार घेईल. मत्तयाच्या सहाव्या अध्यायांत व्यर्थ बडबड करून प्रार्थना करूं नका, असें प्रभूनें बजाविलें आहे. मग एकच शब्द रोज उच्चारणें ही बडबड नव्हे काय? आमचें उत्तर असें, कीं बडबड ही शब्दांच्या पुनरुक्तीनें होत नाहीं. अर्थ सुटल्यानें होते. लेंकरूं दिवसांतून शंभरदां 'आई' म्हणतें, त्यास कोणी बडबड म्हणत नाहीं. उलट लांबलचक, नटवी प्रार्थना एकदांच केली, तरी ती बडबड असूं शकते. ज्या शब्दामुळें आपण बोलावयाचें थांबून ऐकूं लागतों, तो शब्द बडबडीचा नव्हे, तिच्यावरचा उतारा आहे.

आतां शब्द निवडावा कसा, तें सांगतों. नाताळ व नवें वर्ष यांच्यामधील आठवड्यांत एका संध्याकाळीं सर्वांनीं बसावें. आजीपासून धाकट्या लेंकरापर्यंत प्रत्येकानें एकेक शब्द सुचवावा, व तो कां सुचविला हें सांगावें. क्षमा, सत्य, धीर, ऐकणें, पाहुणचार, कृतज्ञता, सेवा, असे कितीतरी शब्द आहेत. मग विचार करावा, कीं यांतील कोणता शब्द आपल्या घरास सर्वांत अवघड जाईल. जो अवघड, तो आपला. शब्द असा असावा, कीं तो आजीसहि कळावा व पांच वर्षांच्या मुलासहि. त्यासाठीं शास्त्रांतील तीन-चार स्थळें पाळकसाहेबांस विचारून अथवा स्वतः शोधून काढावीं. एकदां निवडलेला शब्द वर्षभर सोडूं नये.

भाषेचाहि विचार करावा. आमच्या सीमेवरच्या गांवीं तर अवश्य करावा. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. १९५६ च्या प्रांतरचनेंत धर्माबाद मुंबई राज्यांत आलें, म्हणजे १९६० पासून महाराष्ट्रांत. आणि रेल्वेनें थोड्याच अंतरावर असलेलीं बासर व निजामाबाद आंध्र प्रदेशांत गेलीं, तीं २०१४ पासून तेलंगणांत आहेत. नकाशावर शीव पडली, पण सोयरिकी तशाच राहिल्या. पुष्कळ घरांत आईची बोली तेलुगु व बापाची मराठी; मुलें इंग्रजी पुस्तकें वाचतात. अशा घरांत लांब प्रार्थना सर्वांची होत नाहीं. एक शब्द मात्र सर्वांचा होऊं शकतो. 'कृपा' व 'विश्वास' हे शब्द दोन्हीं भाषांत ओळखीचे आहेत. कांहीं ठिकाणीं तर शब्दांचा फरकच शिकवून जातो. मत्तयाच्या पांचव्या अध्यायांत प्रभु म्हणतो, कीं वेदीपाशीं अर्पण आणिलें असतां भावाचें मन आपल्याविषयीं दुखावलेलें आठवलें, तर अर्पण तेथेंच ठेवावें व आधीं त्याच्याशीं समेट करावा. जेथें मराठी शास्त्रांत 'समेट' आहे, तेथें तेलुगु शास्त्रांत 'समाधान' या शब्दावरून झालेलें क्रियापद आहे. पौलाच्या पत्रांतील अभिवादनांतहि कृपेच्या जोडीला आपण 'शांति' म्हणतों, तेलुगु भाषिक 'समाधान' म्हणतात. मराठींत समाधान म्हणजे मनाची तृप्ति. दोन्हीं भाषा शेजारीं ठेवल्या, म्हणजे एक मोठें सत्य हातीं लागतें: भावाशीं समेट झाल्यावांचून मनाला समाधान नाहीं. हें सत्य कोणा एका भाषेनें सांगितलें नसतें; दोघी शेजारणी बोलल्या म्हणून तें कळलें.

शब्द निवडल्यावर रोज रात्रीं पांच मिनिटें पुरेत. तो शब्द एकानें उच्चारावा, थोडा वेळ सर्वांनीं स्वस्थ बसावें, एक लहानसा शास्त्रपाठ वाचावा, आणि प्रभूची प्रार्थना म्हणून उठावें. आठवड्यांतून एकदां, शनिवारीं रात्रीं म्हणा, प्रत्येकानें एकाच प्रश्नाचें उत्तर द्यावें: या आठवड्यांत आपला शब्द कोठें अडला? कोठें पाळला हें विचारूं नये. तसें विचारलें, कीं बढाई सुरू होते. कोठें अडला हेंच विचारावें.

येथें आम्ही पालकांस विशेष विनंति करितों. आपल्या घरांतून वडीलधाऱ्यांस प्रश्न विचारण्याची रीत नाहीं, आणि मोठ्यांचा मान राखणें ही चांगलीच गोष्ट आहे. पण या एका प्रश्नाचें उत्तर वडिलांनींहि द्यावें, आणि सर्वांत आधीं द्यावें. कारण घराचा शब्द घरांतील सर्वांच्या वर असतो. तो मुलांसाठीं कायदा व मोठ्यांसाठीं शोभा, असा नसतो. 'क्षमा' हा शब्द रोज म्हणणारा बाप जर वर्षभर कोणासहि क्षमा करीत नसेल, तर मूल क्षमा शिकत नाहीं. शब्द म्हणजे नुसता म्हणावयाचा असतो, हें शिकतें. आणि एकदां का तें हें शिकलें, कीं पुढें कोणत्याहि शब्दावर त्याचा विश्वास बसणें कठीण. आमच्या मतें घरच्या प्रार्थनेंत पणास लागलेलें आहे तें हेंच. आमचीं मुलें शिक्षणासाठीं व पोटासाठीं उद्यां नांदेडास, हैदराबादेस, पुण्यास जातील. तेथें त्यांच्यामागें ना आजी असेल, ना घरची उपासना. त्यांच्याबरोबर जाईल तो एखादाच शब्द. आणि तोहि खरा झालेला त्यांनीं घरांत डोळ्यांनीं पाहिला असेल, तरच जाईल.

आमच्या शाळेंत सर्व धर्मांचीं मुलें शिकतात, आणि हें वार्षिक त्या सर्वांच्या घरीं जातें. लेख ख्रिस्ती उपासनेविषयींचा असला, तरी इतर वाचकांस तो परका वाटूं नये, अशी आमची इच्छा आहे. वारकरी घरांत संध्याकाळीं हरिपाठ होतो. तेथें नामाची महती कोणी सांगावयास नको. जवळच गोदावरीच्या कांठीं बासर येथें सरस्वतीचें मंदिर आहे. इकडील व तिकडील कितीतरी आई-बाप आपल्या लेंकरांस तेथें नेऊन पहिलें अक्षर गिरवून घेतात. अक्षर हातीं धरून आयुष्यास आरंभ करावा, ही भावना सर्वांची एक आहे. रेव्ह. नारायण वामन टिळक यांनीं ख्रिस्ताची भक्ति अभंगांत गाइली, ती याच मातींतला सूर ओळखून. प्रत्येक घरानें आपल्या श्रद्धेप्रमाणें एक चांगला शब्द धरावा व त्यास जागावें, यांत कोणाचें दुमत असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां त्या विद्यार्थ्याची गोष्ट पुरी केली पाहिजे. त्याच्या घरीं शब्द बदलला नाहीं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. दर शनिवारीं प्रश्न विचारला जाई आणि बाबांची पाळी आली, कीं ते उत्तर न देतां नुसते "पुढें" म्हणत. कोणी त्यांस टोकलें नाहीं. आजीबाई तर अक्षरहि बोलल्या नाहींत. नाताळपूर्वीं एका शनिवारीं मात्र ते "पुढें" न म्हणतां म्हणाले, "माझा शब्द दोन गल्ल्या पलीकडे अडला आहे." दुसऱ्या दिवशीं उपासनेहून परततांना ते काकांच्या घरीं गेले. काका घरीं नव्हते. ते पुन्हां मंगळवारीं गेले. दोघे भाऊ समोरासमोर बसले, चहा झाला, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. वाटणीचा प्रश्न त्या दिवशीं सुटला नाहीं, आणि आमच्या माहितीप्रमाणें तो अद्यापि सुटलेला नाहीं. पण दोन्हीं घरांतील मुलें आतां एकमेकांकडे जातात येतात, आणि यंदा नाताळचा फराळ दोन गल्ल्या ओलांडून पोहोंचला.

नवीन वर्षीं त्या घरानें कोणता शब्द निवडला, असें आम्हीं त्या मुलास विचारिलें. तो म्हणाला, "गुरुजी, तोच ठेविला. अजून अर्धाच झाला आहे."

बाळ, तुझ्या प्रश्नाचें उत्तर तूंच दिलेंस. घराचा शब्द बदलतां येत नाहीं असें नाहीं. पण जो शब्द घांस थांबवितो, तो पुरा झाल्यावांचून बदलूं नये. आमच्या वाचकांच्या घरोघरीं असा एकेक शब्द वस्तीस येवो, तो भिंतीवर न राहतां पंगतीस बसो, आणि ज्या देवानें आपणांशीं समेट केला, तो देव त्या शब्दास आपल्या घरीं खरें करण्याचें बळ आपणां सर्वांस देवो.